सेंट्रल फिन्सबरी: पाच मतांमागची हद्द

दादाभाई नौरोजी 1892 साली ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले, ते अवघ्या पाच मतांनी, हे शाळेच्या पुस्तकापासून आपल्याला माहीत असतं. पण त्यांना निवडून देणारा तो ‘सेंट्रल फिन्सबरी’ नेमका कुठे होता, कुठून कुठपर्यंत होता, तिथे मत कोणाला देता येत होतं आणि पुढे त्याचं काय झालं, हे सहसा कोणी सांगत नाही. खरं तर त्या पाच मतांचा अर्धा उलगडा तिथेच आहे. उमेदवार कितीही मोठा असला तरी निकाल लागतो तो हद्दीच्या आत आणि यादीवर असलेल्या माणसांमधून. हद्द एक गल्ली इकडे किंवा तिकडे आखली गेली असती, तर ती पाच मतं त्या मतदारसंघात असती की नाही, हे कोणालाही सांगता आलं नसतं.

फिन्सबरी हा मतदारसंघ जन्माला आला 1832 च्या सुधारणा कायद्याने. तेव्हा तो अवाढव्य होता. लंडनच्या जुन्या सिटीच्या उत्तरेला क्लर्कनवेल, सेंट ल्यूक्स, इझलिंग्टन, स्टोक न्यूइंग्टन, हॉबर्न, ब्लूम्सबरी अशा पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून ठरलेले स्थानिक कारभाराचे विभाग) एकत्र करून त्याला दोन खासदार दिले होते. मतदाराला दोन मतं, आणि पहिले दोघे निवडून येणार. पहिल्याच निवडणुकीत जे दोघे आले त्यांपैकी एक होते रॉबर्ट ग्रँट. ग्रँट रोड स्टेशनात उतरणाऱ्याला हे नाव परकं वाटायचं कारण नाही. पार्लमेंटमध्ये ज्यूंवरचे निर्बंध उठवण्याचं विधेयक मांडणारे हे गृहस्थ 1834 साली फिन्सबरीची जागा सोडून मुंबईचे गव्हर्नर म्हणून नेमले गेले आणि 1838 मध्ये पुण्याजवळ दापोडीला वारले. ग्रँट मेडिकल कॉलेजलाही त्यांचंच नाव आहे. म्हणजे फिन्सबरीने मुंबईला गव्हर्नर दिला, आणि पुढे साठेक वर्षांनी मुंबईने फिन्सबरीला खासदार दिला. हा योगायोग मराठी वाचकाने जपून ठेवावा असा आहे.

ग्रँट यांच्या रिकाम्या जागेवर थॉमस डनकोम्ब आले, आणि 1835 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक थॉमस वॅकली. दोघंही जहाल. सर्व पुरुषांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्टांची 1842 ची प्रचंड याचिका पार्लमेंटपुढे ठेवली ती डनकोम्ब यांनी. फिन्सबरीची ही जुनी ओळख लक्षात ठेवायला हवी. 1892 मध्ये एका पारशी गणितज्ञाला उमेदवारी देणारी माणसं आकाशातून पडली नव्हती. त्यांच्यामागे साठ वर्षांची बंडखोर परंपरा होती.

खरी उलथापालथ झाली 1885 च्या जागावाटप कायद्याने. तोवर दोन खासदारांचे मोठे मतदारसंघ सर्रास होते. या कायद्याने बहुतेक ठिकाणी ते मोडून एका खासदाराचे छोटे तुकडे केले. इझलिंग्टनला स्वतःचे चार मतदारसंघ मिळाले आणि उरलेल्या फिन्सबरीचे तीन भाग पडले: पश्चिमेला हॉबर्न, पूर्वेला सेंट ल्यूक्स आणि आसपासचा ईस्ट फिन्सबरी, आणि मधोमध सेंट्रल फिन्सबरी. हा मधला तुकडा म्हणजे जवळजवळ अख्खी क्लर्कनवेल पॅरिश.

‘जवळजवळ’ म्हणण्याला कारण आहे. क्लर्कनवेलचा एक तुकडा मैलोन्‌मैल दूर मसवेल हिलवर होता, सुमारे 64 एकरांचा. बाराव्या शतकात क्लर्कनवेलच्या जोगिणींच्या मठाला तिथली जमीन दान मिळाली, मठाचं तिथे गोठ्याचं शेत होतं, आणि मठ गेला तरी जमीन कागदोपत्री क्लर्कनवेलचीच राहिली. आपल्याकडे एखाद्या इनामी गावाचा तुकडा भलत्याच तालुक्यात असावा, तसलाच प्रकार. 1885 मध्ये हा तुकडा सेंट्रल फिन्सबरीतून वगळून हॉर्नसी मतदारसंघाकडे दिला. आठशे वर्षांपूर्वीच्या एका दानपत्राचा निकाल असा मतदारसंघाच्या हद्दीत लागला.

मूळ क्लर्कनवेलची हद्द अशी: पश्चिमेला फ्लीट नदीचं खोरं. नदी तोवर जमिनीखाली गटारात गेली होती, तरी हद्द म्हणून ती जिवंत होती. पूर्वेला गॉसवेल रोड, त्यापलीकडे सेंट ल्यूक्स. दक्षिणेला क्लर्कनवेल ग्रीन आणि स्मिथफील्डच्या बाजाराची कड. उत्तरेला पेंटनव्हिलचा चढ आणि एंजल. आज लंडनमधले लोक ‘एंजल, इझलिंग्टन’ म्हणतात, पण मूळची एंजल खानावळ क्लर्कनवेल पॅरिशच्या हद्दीत होती. उलट पेंटनव्हिल तुरुंग पेंटनव्हिलमध्ये नाहीच, तो पलीकडे इझलिंग्टनमध्ये. नावावरून हद्द ओळखायला जाणारा माणूस या भागात हमखास फसतो. कुठल्याही मतदारसंघाचा अभ्यास करताना नाव बाजूला ठेवून कायद्याच्या परिशिष्टातली पॅरिशची किंवा वॉर्डांची यादी आधी वाचावी, ती यासाठीच.

या हद्दीच्या आत राहत कोण होतं? घड्याळं बनवणारे, जवाहिरे, छापखान्यातले जुळारी, पितळेचे कारागीर, जिनच्या भट्ट्यांतले कामगार. क्लर्कनवेल ग्रीन हे सभांचं ठिकाण. 13 नोव्हेंबर 1887 ला ट्राफल्गर स्क्वेअरकडे निघालेल्या आणि पोलिसांनी झोडपलेल्या मोर्चांपैकी एक इथूनच निघाला होता. कुशल हाताचा, वर्तमानपत्र वाचणारा, स्वतःचं मत असणारा हा वर्ग. आणि तरीही 1886 मध्ये ही जागा लिबरल पक्षाच्या हॉवर्ड स्पेन्सली यांच्याकडून कॉन्झर्व्हेटिव्ह फ्रेडरिक टॉमस पेंटन यांनी खेचून घेतली होती. पेंटन हे नाव पाहून पेंटनव्हिल आठवलं असेल तर बरोबर आठवलं. अठराव्या शतकात ती वस्ती ज्यांच्या जमिनीवर उभी राहिली, तेच हे घराणं. दादाभाईंची लढत ज्याच्याशी झाली, त्याचं आडनाव मतदारसंघाच्या नकाशावरच छापलेलं होतं.

मतदारयादीचा भाग सगळ्यात रोचक आहे, आणि चरित्रांमध्ये तो सगळ्यात कमी येतो. 1884 च्या कायद्यानंतरही मताधिकार फक्त पुरुषांना, आणि त्यातही साधारण साठ टक्क्यांना. मत माणसाला नसून घराला होतं. घराचा भोगवटादार हवा, त्या घराची घरपट्टी भरलेली हवी, आणि 15 जुलैला संपणाऱ्या वर्षात पूर्ण बारा महिने त्याचा भोगवटा असायला हवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही मत होतं, पण खोलीचं मोल, सामानसुमान न धरता, वर्षाला किमान 10 पौंड हवं आणि त्याने दर वर्षी स्वतः अर्ज करायला हवा. अर्ज विसरला की नाव गेलं.

क्लर्कनवेलमध्ये तर एकेका घरात चार-चार कुटुंबं. मग ‘भोगवटादार’ कोण आणि ‘खोलीवाला’ कोण? 1881 च्या एका खटल्यानंतर याचा कस असा ठरला: मालक त्याच घरात राहत असेल आणि दरवाजा-जिन्यावर त्याचा ताबा असेल, तर भाडेकरू हा खोलीवाला. मालक बाहेर राहत असेल आणि भाडेकरूचा भाग स्वतंत्र असेल, तर तोच भाडेकरू भोगवटादार, आणि त्याला दर वर्षी अर्जाची गरज नाही. म्हणजे एकाच गल्लीत, एकसारख्या दोन खोल्यांत, एकसारखं भाडं भरणाऱ्या दोन जुळाऱ्यांपैकी एकाचं नाव यादीत आपोआप आणि दुसऱ्याचं धडपडीने. फरक एवढाच, की घरमालक रात्री कुठे झोपतो.

यादीचं वर्षभराचं चक्र असं चाले. उन्हाळ्यात पॅरिशचे अधिकारी घरपट्टीच्या वह्यांवरून याद्या तयार करत. त्या प्रसिद्ध झाल्या की दोन्ही पक्षांचे एजंट त्यावर तुटून पडत. आपल्या माणसांचे दावे दाखल करायचे आणि समोरच्याच्या माणसांवर हरकती घ्यायच्या. शरद ऋतूत यादी तपासायला नेमलेला बॅरिस्टर पॅरिशमध्ये बसून एकेक नावाची सुनावणी करी. हरकत आलेल्या मतदाराला आपला हक्क शाबीत करायला तिथे जावं लागे, म्हणजे दिवसाची मजुरी बुडे. बरेच जण जातच नसत. तपासलेली यादी 1 जानेवारीला लागू होई. मे महिन्यात गॉसवेल रोड ओलांडून पलीकडच्या पॅरिशमध्ये राहायला गेलेल्या माणसाला त्या वर्षीचा जुलै उपयोगाचा नाही, पुढच्या जुलैपर्यंत बारा महिने भरायचे, आणि त्यानंतरच्या जानेवारीत नाव लागायचं. घर बदलत राहणारा गरीब माणूस यादीबाहेर राहायचा तो असा. त्यात पॅरिशकडून गरिबीची मदत घेतली असेल तर मत बाद. 1885 पासून फक्त औषधोपचाराची मदत यातून वगळली गेली. उलट दोन-तीन ठिकाणी मालमत्ता असलेल्याला दोन-तीन मतदारसंघांत मत. तेव्हा सगळीकडे मतदान एकाच दिवशी होत नसे, ते कित्येक दिवस चाले, त्यामुळे त्याला गाडीने फिरून सगळीकडे मत देताही येई. ही दुबार मतं कायमची गेली ती 1948 च्या कायद्याने.

म्हणून वाटतं, की 1892 मधली ती पाच मतं जुलैच्या एका दिवसात मिळालेली नाहीत. ती त्याआधीच्या शरदातल्या सुनावण्यांमध्ये, कोणत्या तरी गल्लीतल्या पक्षाच्या कार्यकर्त्याने वेळेवर भरलेल्या अर्जांमध्ये मिळाली. त्या कार्यकर्त्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत. दादाभाईंच्या पुतळ्याला हार घालताना त्यांचीही आठवण व्हायला हवी.

दादाभाईंचा तिथवरचा प्रवास सोपा नव्हता. 1886 मध्ये ते शेजारच्याच हॉबर्नमध्ये उभे राहिले आणि 3,651 विरुद्ध 1,950 असे सपाटून पडले. त्यानंतर 30 नोव्हेंबर 1888 ला पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी एडिंबरोच्या सभेत याच निकालाचा दाखला देत म्हणाले, की काळ्या माणसाला प्रतिनिधी म्हणून स्वीकारण्याइतका कुठलाही ब्रिटिश मतदारसंघ अजून पुढे गेलेला नसावा. हा घाव उलटला. लिबरल वर्तमानपत्रांनी आणि सभांनी दादाभाईंचं नाव देशभर पोहोचवलं. पण पक्षातली भाऊबंदकी त्याने मिटली नाही. सेंट्रल फिन्सबरीच्या लिबरल मंडळींनी 1888 च्या ऑगस्टमध्येच त्यांची निवड केली होती, ती रिचर्ड ईव्ह यांच्या समर्थकांना मान्य नव्हती, आणि ही जागा कोणाची हा घोळ पुढची काही वर्षं चालूच राहिला. एक लिबरल जरी आडवा उभा राहिला असता, तर पाच मतांचा प्रश्नच उरला नसता.

खर्चाचाही हिशेब बघण्यासारखा आहे. 1883 च्या कायद्याने शहरी मतदारसंघात खर्चाची मर्यादा घातली होती. दोन हजारांहून जास्त मतदार असतील तर 380 पौंड आणि पुढच्या प्रत्येक हजाराला 30 पौंड, म्हणजे आठ हजार मतदार धरले तर 560 पौंड. शिवाय निवडणूक अधिकाऱ्याचा खर्चही उमेदवारांनीच वाटून भरायचा. खासदाराला पगार नाही, तो सुरू झाला 1911 मध्ये.

जुलै 1892 मध्ये मतदान झालं. दोघांना मिळून पडलेली मतं सहा हजारांच्या आत, आणि जाहीर झालेला फरक फक्त 3. पेंटन यांनी निवडणूक याचिका केली. ही याचिका म्हणजे नुसता तक्रारअर्ज नव्हे. निकालानंतर 21 दिवसांत ती दाखल करायची, 1,000 पौंडांची हमी द्यायची, आणि सुनावणी दोन न्यायाधीशांपुढे. 1868 पूर्वी असे वाद खुद्द कॉमन्स सभागृहाची समिती सोडवी, म्हणजे खासदारच खासदारांचा न्याय करत. आता कोर्टात मतपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या.

मतपत्रिका 1872 च्या गुप्त मतदान कायद्याप्रमाणे असत. प्रत्येकीच्या मागे क्रमांक, तोच क्रमांक काउंटरफॉइलवर, आणि मतपत्रिका देताना अधिकारी त्या काउंटरफॉइलवर मतदाराचा यादीतला क्रमांक लिहून ठेवी. कोर्टाच्या हुकमानेच हा दुवा उघडता येई, म्हणजे मत नसलेल्या माणसाने मत दिलं असेल तर नेमकं ते मत शोधून काढता येई. गुप्त मतदान पूर्ण गुप्त नाही याची चिंता तेव्हाही होती, पण तोतयेगिरी पकडायला दुसरा उपाय नव्हता. मतं बाद होण्याची कारणं चार: सरकारी शिक्का नाही, एकाहून जास्त नावांपुढे फुली, मतदार ओळखता येईल असं काही लिहिलेलं, किंवा कोरी अथवा अर्थ न लागणारी खूण. फरक तिनाचा असतो तेव्हा अशा चार-सहा चिठ्ठ्यांवर सारं तोलून असतं. फेरतपासणीत पेंटन यांचं नशीब फिरण्याऐवजी दादाभाईंची आघाडी 3 वरून 5 झाली. लंडनकरांनी नौरोजी या आडनावाचं ‘नॅरो मेजॉरिटी’ (निसटतं बहुमत) करून टाकलं, ते याच निकालामुळे.

त्यांना पहिले आशियाई खासदार म्हणताना एक नाव राहून जातं. 1841 मध्ये सडबरीतून डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोम्ब्र निवडून आले होते. सरधन्याच्या बेगम समरूंचे ते वारस. पण लाचेच्या आरोपावरून 1842 मध्ये ती निवडणूक रद्द झाली आणि 1844 मध्ये सडबरीचा मतदारसंघच काढून टाकला गेला. दादाभाईंचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. त्यांनी तीन वर्षं ती जागा कामाने भरली. 2 जून 1893 ला सनदी सेवेची परीक्षा भारतातही एकाच वेळी घ्यावी, हा ठराव कॉमन्समध्ये 84 विरुद्ध 76 मतांनी मंजूर झाला, त्यामागे त्यांचीच चिकाटी होती. सरकारने तो अमलात आणला नाही, ही गोष्ट वेगळी, आणि संताप आणणारी.

1895 मध्ये लिबरल पक्षाची देशभर पडझड झाली. सेंट्रल फिन्सबरीत मॅसी-मेनवेअरिंग 3,588 आणि नौरोजी 2,783, म्हणजे 805 मतांनी पराभव. त्याच निवडणुकीत तीन-साडेतीन किलोमीटरवरच्या बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून मुंबईचेच मंचरजी भावनगरी कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून 160 मतांनी निवडून आले. एक पारशी गेला, दुसरा आला, आणि दोघांची राजकीय मतं दोन टोकांची. हॉबर्नच्या निकालावरून सॉल्झबरींनी काढलेला निष्कर्ष त्यांच्याच पक्षाच्या उमेदवाराने असा खोडून काढला.

सेंट्रल फिन्सबरीने पुढे 1906 मध्ये कामगार पुढारी विल्यम स्टेडमन यांना पाठवलं, 1910 मध्ये पुन्हा कॉन्झर्व्हेटिव्ह आर्चर-शी यांना. आणि 1918 मध्ये मतदारसंघ संपला. 1900 मध्ये क्लर्कनवेल आणि सेंट ल्यूक्स मिळून फिन्सबरी नावाचा महानगर बरो, म्हणजे नगरपालिका क्षेत्र, झाला होता. 1918 ला त्या अख्ख्या बरोला मिळून एकच जागा दिली. गॉसवेल रोडची हद्द पुसली गेली. याच बरोचे 1938 मधले महापौर होते पंजाबातून आलेले डॉ. चुनीलाल कतियाल. पाइन स्ट्रीटवरचं फिन्सबरी हेल्थ सेंटर उभं राहण्यामागे त्यांचे मोठे परिश्रम आहेत, आणि ते नॅशनल हेल्थ सर्व्हिसच्या दहा वर्षं आधीचं आहे.

मग माणसंच निघून गेली. 1901 मध्ये बरोची लोकसंख्या लाखाच्या वर होती, 1961 मध्ये ती तेहतीस हजारांच्या आसपास उरली. कचेऱ्या वाढल्या, बॉम्बहल्ल्यांनी घरं पाडली, लोक उपनगरांकडे सरकले. 1950 मध्ये फिन्सबरी शोरडिचला जोडलं गेलं. 1965 मध्ये बरो इझलिंग्टनमध्ये विलीन झाला, आणि 1974 च्या फेब्रुवारीपासून मतदारसंघाचं नाव झालं इझलिंग्टन साउथ अँड फिन्सबरी. 1832 ला एकत्र असलेले, 1885 ला तोडलेले दोन शेजारी पुन्हा एका नावात आले. अटीतटीची खोड मात्र गेली नाही: 1983 मध्ये क्रिस स्मिथ 363 मतांनी आले, 1987 मध्ये 805 मतांनी (दादाभाई हरले तोच आकडा), आणि 2005 मध्ये एमिली थॉर्नबेरी 484 मतांनी.

आजची हद्द ठरते ती गणिताने. 2020 च्या कायद्याप्रमाणे 650 जागा, सरासरी 73,393 मतदार, आणि बेटांवरच्या पाच मतदारसंघांसारखे थोडे अपवाद सोडले तर प्रत्येक जागेत 69,724 ते 77,062 च्या दरम्यानच मतदार हवेत. वॉर्ड ही वीट. हद्दी आखणारा आयोग आधी प्रस्ताव प्रसिद्ध करतो, हरकती आणि सुनावण्या होतात, सुधारित प्रस्ताव येतो, मग अंतिम अहवाल, आणि तो आता पार्लमेंटला अडवता येत नाही. बेरीज जमत नसली की बरोची हद्द ओलांडावी लागते. 2024 पासून हॅकनी बरोमधला डी बोव्हुआर वॉर्ड इझलिंग्टन साउथ अँड फिन्सबरीत आला तो त्यामुळेच. तिथल्या रहिवाशाचा खासदार एका बरोतल्या नावाचा आणि कचरा उचलणारी नगरपालिका दुसऱ्या बरोची.

या गणितात मोजले जातात ते रहिवासी नव्हेत, यादीतले मतदार. 2023 च्या अहवालासाठी 2 मार्च 2020 ची यादी धरली होती. लंडनमधल्या मराठी माणसाला हे थेट लागू आहे. भारतीय पासपोर्टवर, विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्यालाही कॉमनवेल्थ नागरिक म्हणून पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. नाव मात्र प्रत्येकाने स्वतः नोंदवायचं. ऑनलाइन अर्जात नॅशनल इन्शुरन्स क्रमांक भरायचा, आणि मतदानाच्या आधी बारा कामकाजाचे दिवस ही शेवटची मुदत. मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आणि भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो, मुदत संपलेला असला तरी, चेहरा ओळखू आला म्हणजे झालं. घर बदललं की नोंदणी पुन्हा करायची. हद्दींचा पुढचा अहवाल 1 ऑक्टोबर 2031 पूर्वी द्यायचा आहे, आणि त्यासाठी मोजली जाणारी यादी त्याआधीच तयार झालेली असेल.